कॅम्पर ओढण्यासाठी इसुझू एमयू-एक्स घ्यावी का?

ऑस्ट्रेलियात ऑफ-रोड गाडी घ्यायला शोरूममध्ये पाऊल टाकले की पहिल्या काही मिनिटांतच ३,५०० किलो हा आकडा कानावर पडतो. ब्रेक असलेला एवढ्या वजनाचा ट्रेलर ही गाडी ओढू शकते, असा त्याचा अर्थ. इसुझू एमयू-एक्स, फोर्ड एव्हरेस्ट, २०२४ च्या अखेरीस इथे आलेली नवी टोयोटा प्राडो आणि लँडक्रूझर ३०० या चारही गाड्यांच्या माहितीपत्रकात तोच आकडा छापलेला आहे. किमतीत आणि ताकदीत एवढा फरक असलेल्या गाड्या एकच आकडा सांगत असतील, तर त्या आकड्याच्या आधारे निवड करता येणार नाही, हे उघड आहे.

आमच्याकडे २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीची, तीन लिटर डिझेल इंजिनाची, फोर-व्हील-ड्राइव्ह एमयू-एक्स आहे आणि तिच्यामागे दोन टनांहून थोडा जास्त भरणारा हायब्रिड कॅम्पर असतो. कॅम्पर म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेला, गाडीमागे ओढून न्यायचा ट्रेलर. हायब्रिड म्हणजे चारी बाजूंनी पक्क्या भिंती असलेला, पण छप्पर वर उचलायचा आणि कॅरव्हॅनपेक्षा आटोपशीर असा प्रकार. मेलबर्नहून निघून व्हिक्टोरियाच्या डोंगराळ भागात, साउथ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आणि ऊडनाडाटा ट्रॅकच्या कच्च्या रस्त्यावर ही जोडी आम्ही वापरली आहे. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. भरून दोन ते अडीच टन होणाऱ्या कॅम्परसाठी ही गाडी मनापासून शिफारस करावी अशी आहे. साडेतीन टनांच्या कॅरव्हॅनसाठी मात्र ती घेऊ नये, कंपनीची परवानगी असली तरीही.

भारतातल्या वाचकांना एमयू-एक्स हे नाव अगदीच अनोळखी नसेल, कारण आधीच्या पिढीची गाडी आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीच्या कारखान्यात बनून भारतात विकली गेली. पण तिच्यावरून या गाडीची कल्पना करू नये. चासी, इंजिन, सस्पेन्शन आणि आतली मांडणी हे सगळेच बदललेले आहे. इथली एव्हरेस्ट म्हणजे भारतात २०२१ पर्यंत एंडेव्हर या नावाने मिळत असलेली गाडी, तिची पुढची पिढी. फॉर्च्युनर तर सगळ्यांच्याच ओळखीची आहे, आणि मराठी मंडळी जमली की ‘फॉर्च्युनर का नाही घेतलीत?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर पुढे देतो.

आधी वजनांचा हिशेब, कारण या विषयाचा गाभा तोच आहे आणि गाडी विकणारे नेमके त्याविषयी कमी बोलतात. आम्ही गाडी पाहत होतो तेव्हा एका विक्रेत्याला मी पूर्ण भरलेल्या गाडीसह नेमके किती ओढता येईल असे विचारले, तर त्याने पुन्हा ३,५०० हाच आकडा सांगितला आणि विषय ॲक्सेसरीजकडे वळवला. खरे तर तीन आकडे एकत्र पाहावे लागतात. पहिला जीव्हीएम: गाडी, तिच्यातली माणसे, सामान, नंतर बसवलेली सगळी साधने आणि ट्रेलरचा जोडणीवर येणारा भार मिळून गाडीच्या चाकांवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते हा आकडा सांगतो. दुसरा एटीएम, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचे कमाल वजन. तिसरा जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर या दोघांचे मिळून कमाल वजन. तीन लिटरच्या एमयू-एक्ससाठी जीव्हीएम २,८०० किलो आणि जीसीएम ५,९०० किलो आहे. गाडीचे स्वतःचे वजन प्रकारानुसार २,१५० ते २,२०० किलोंच्या आसपास भरते.

आता मागे खरोखरच ३,५०० किलोंची कॅरव्हॅन लावली, तर ५,९०० मधून ती वजा केल्यावर गाडीसाठी २,४०० किलो उरतात. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा करा: माणसे, टोबार (ट्रेलर जोडायची मागची दांडी), फ्रिज, हत्यारे आणि कपडे या सगळ्यांसाठी हातात सव्वादोनशे किलो राहतात. चौघांचे कुटुंब तेवढ्यात बसत नाही. दोन सडपातळ माणसांनी एक बॅग घेऊन जायचे ठरवले तर हिशेब कसाबसा जुळेल, पण मग सात आसनांची गाडी घेण्याचे कारणच राहत नाही. लँडक्रूझर ३०० मध्ये जीव्हीएम ३,२८० आणि जीसीएम ६,७५० किलो आहे, म्हणजे गाडी पूर्ण भरलेली असतानाही ट्रेलरच्या चाकांवर ३,४७० किलो घेता येतात. दोन्ही गाड्यांच्या जाहिरातीत आकडा एकच असला, तरी त्याचा अर्थ किती वेगळा आहे ते इथे दिसते.

आमच्या कॅम्परचा एटीएम मोठा नसल्याने जीसीएमची अडचण आम्हाला कधीच आली नाही. आमची अडचण जीव्हीएमची होती, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कॅम्परवाल्या कुटुंबांची तीच असते. हिशेब असा आहे. गाडी साधारण २,१७५ किलो. दोन मोठी माणसे आणि दोन मुले मिळून २४० किलो. टोबार ४०, भरलेला फ्रिज ४५, दुसरी बॅटरी २५, कॉम्प्रेसर, फावडे, पट्टे आणि हत्यारे ४०, कपडे आणि किरकोळ सामान ३०. यात कॅम्परचा जोडणीवर येणारा २०० किलोंचा भार मिळवायचा, आणि नेमका हाच बहुतेक जण विसरतात. सगळी बेरीज ६२० किलो होते, म्हणजे गाडी २,७९५ किलोंवर पोहोचते. पाच किलोंची मोकळीक उरते. पुढे बुलबार, म्हणजे धडकेपासून वाचवणारा पोलादी सांगाडा, लावायचा तर साठ-सत्तर किलो आणि डिकीत ड्रॉवर बसवायचे तर आणखी तेवढेच. या दोन्ही गोष्टी इथल्या प्रत्येक ऑफ-रोड गाडीवर दिसतात म्हणून लोक डोळे झाकून लावून घेतात आणि गाडी कायदेशीर मर्यादेबाहेर जाते. तपासणीत दंड होतो ही एक बाब झाली. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, ही त्याहून गंभीर बाब आहे.

यावर उपाय आहे. जीव्हीएम वाढवून मिळतो: जाड स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर बसवून त्याचे रीतसर प्रमाणपत्र घेता येते. नव्या गाडीच्या बाबतीत हे काम पहिल्या नोंदणीआधी करून घेतले तर ते देशभर मान्य होते. नोंदणीनंतर केले तर राज्यागणिक नियम वेगळे असल्याने कटकट वाढते. म्हणून बुलबार, ड्रॉवर आणि मोठा कॅम्पर हे सगळे मनात असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधीच हा निर्णय करावा. एक मात्र लक्षात ठेवावे की जीव्हीएम वाढला म्हणून जीसीएम आपोआप वाढत नाही. एकीकडची मर्यादा सैल झाली की दुसरीकडची घट्ट होते.

कागदावरचा हिशेब वजनकाट्यावर ताडून पाहणे हे माझ्या मते खरेदीइतकेच महत्त्वाचे काम आहे. सार्वजनिक वजनकाटे इथे बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि खर्च एका जेवणाइतकाही येत नाही. प्रवासाला निघताना जसे भरतो तसे सगळे भरून, माणसे आत बसवून आणि पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरून जावे. आधी फक्त गाडीची चाके काट्यावर घ्यावीत, मग फक्त कॅम्परची, मग दोन्ही, आणि शेवटी कॅम्पर सोडून पुन्हा फक्त गाडी. जोडलेल्या आणि सोडलेल्या गाडीच्या वजनांतला फरक म्हणजे जोडणीवरचा भार. तो कॅम्परच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा. फार कमी असला तर वेगात कॅम्पर शेपटी हलवू लागतो, फार जास्त असला तर गाडीचे मागचे अंग बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगचा विश्वास जातो. आमच्या कॅम्परची पाण्याची एक टाकी चाकांच्या पुढे आणि एक मागे आहे. आधी पुढची टाकी रिकामी केली तर भार कमी होतो, मागची केली तर वाढतो. कोणत्या टाकीचे पाणी आधी वापरायचे हे त्यामुळे ठरूनच गेले आहे. स्वयंपाकाला आणि भांड्यांना मागच्या टाकीचे पाणी, पुढच्या टाकीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

इंजिनाविषयी मी आनंदाने लिहू शकतो. ४जेजे कुळातली इंजिने इसुझूच्या ट्रकमध्येही चालतात, आणि या गाडीतले ४जेजे३ हे त्याच वळणाचे आहे: १४० किलोवॅट शक्ती आणि १,६०० ते २,६०० आरपीएमच्या पट्ट्यात ४५० न्यूटन-मीटर टॉर्क. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. एव्हरेस्टचे व्ही-सिक्स ६०० न्यूटन-मीटर देते आणि लँडक्रूझर ३०० चे ७००. पण ओढण्याच्या कामात टॉर्क किती आहे याइतकेच तो कुठे मिळतो हेही पाहावे लागते. या इंजिनाला घाटात किंचाळायला लावावे लागत नाही. माउंट हॉथमच्या चढावर कॅम्परसह गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवली की ती आपल्या चालीने, न धापता चढते. वेग ताशी साठ-सत्तरवर येतो, मागे दोन-चार गाड्या साचतात, मग रुंद जागा पाहून बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे. आवाज मात्र आहे. जोर लावताना डिझेलची घरघर आतपर्यंत येते, आणि ज्यांना शांत गाडी हवी त्यांनी ही चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मला तो आवाज खटकत नाही, कारण इंजिन किती काम करते आहे ते कानाला कळत राहते.

उतार ही चढापेक्षा मोठी परीक्षा असते. हॉथमच्या १,८०० मीटरहून अधिक उंचीवरून हॅरिएटव्हिल गावापर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा उतार म्हणजे वळणामागून वळण. तिथे पायाचा ब्रेक सतत दाबून धरला तर ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते. सहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स हाताने तिसऱ्यावर आणून ठेवला की इंजिनच गाडीला धरून ठेवते, आणि ब्रेक फक्त वळणापूर्वी, थोडा वेळ, ठामपणे वापरायचा. इथे कॅम्परच्या स्वतःच्या ब्रेकचे महत्त्व कळते. आमच्या डॅशबोर्डवर रेडार्कचा ब्रेक कंट्रोलर आहे, म्हणजे बोटाने फिरवायची एक लहानशी गोल कळ. ती फिरवून कॅम्परचे इलेक्ट्रिक ब्रेक किती जोराने लागावेत ते ठरवता येते आणि दाबली तर फक्त कॅम्परचेच ब्रेक लागतात. रोज निघाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते ३० च्या वेगात ती एकदा दाबून पाहावी. मागून हलकासा खेच जाणवला की ब्रेक लागत आहेत याची खात्री होते. कॅम्पर हेलकावे खाऊ लागला तर पायाखालच्या ब्रेकऐवजी हीच कळ दाबायची, म्हणजे कॅम्पर मागून ताणला जाऊन सरळ होतो. हेलकावे ओळखून आवरणारी यंत्रणा गाडीतही आहे, पण जोडणीवरचा भार चुकला असेल तर कोणतीही यंत्रणा चमत्कार करत नाही.

ब्रेकचा कायदा थोडक्यात असा आहे. जोडलेल्या स्थितीत ट्रेलरच्या चाकांवर ७५० किलोंपर्यंत वजन असेल तर त्याला वेगळा ब्रेक लागत नाही. त्यापुढे २,००० किलोंपर्यंत निदान एका ॲक्सलवर ब्रेक हवा. २,००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक लागतो, शिवाय जोडणी तुटली तर आपोआप ब्रेक लागून ते निदान १५ मिनिटे टिकतील अशी व्यवस्था बंधनकारक आहे. आमचा कॅम्पर या रेषेच्या किंचित खाली, १,९५० च्या आसपास आहे. तरीही आम्ही ती व्यवस्था बसवून घेतली. पन्नास किलो म्हणजे पाण्याचे दोन कॅन आणि जळाऊ लाकडाची एक मोळी. तेवढ्यावर सुरक्षितता तोलायची नसते.

आता या गाडीची माझ्या मते सर्वांत खरी उणीव. तिची फोर-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा अर्धवेळची आहे. डांबरी रस्त्यावर ती फक्त मागच्या चाकांवर चालवावी लागते, कारण पकड असलेल्या रस्त्यावर चारही चाके एकत्र जोडली तर यंत्रणेवर ताण येतो. कोरड्या हवेत याने काही बिघडत नाही. पण व्हिक्टोरियातल्या हिवाळ्यात पावसाने निसरडा झालेला घाट, मागे दोन टन आणि वळणावर चढ असा योग आला की मागची चाके कधी कधी पकड शोधत राहतात आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो. एव्हरेस्ट, प्राडो आणि लँडक्रूझरला डांबरावरही चारही चाकांचा आधार मिळतो. मित्सुबिशीच्या पजेरो स्पोर्टलाही तो मिळत असे. तिची इथली विक्री आता थांबली आहे. ज्यांचा प्रवास मुख्यतः ओल्या डोंगराळ डांबरी रस्त्यांवर असेल, त्यांनी केवळ या एका कारणासाठी एव्हरेस्टचा विचार आधी करावा, असे मी मोकळेपणाने सांगेन.

डांबर संपल्यावर तक्रारीला जागा राहत नाही. २३५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, ८०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, फोर-लो (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारा गिअर) आणि मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) एवढी शिदोरी कुटुंबाच्या गाडीला भरपूर झाली. डिफ लॉक फक्त फोर-लोमध्ये लागतो, त्यामुळे वाळूत वेगात असताना तो उपयोगी पडत नाही. दगडी चढावर मात्र एक चाक हवेत गेले तरी गाडी शांतपणे पुढे सरकते. मागे लीफ स्प्रिंगांऐवजी कॉइल स्प्रिंगा आहेत. मागच्या आसनावरच्या मुलांच्या दृष्टीने हे चांगलेच, पण कंपनीच्या मूळ स्प्रिंगांवर कॅम्परचा भार पडला की गाडीचे बूड खाली बसते. दोनशे किलोंचा भार नेहमीचा असेल तर मागे जाड स्प्रिंगा घालून घ्याव्यात. त्यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरून चालावे.

साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबला गेल्यावर गाडी आणि कॅम्पर यांच्या नात्याची दुसरी बाजू समजते. रोब आणि बीचपोर्ट यांच्या मधल्या किनाऱ्यावर आणि लिटल डिप संवर्धन उद्यानाच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी चालवणे हा निखळ आनंद आहे, पण तिथे कॅम्पर ओढत नेण्यात काही अर्थ नाही. कॅम्पर तळावर सोडावा, गाडीच्या टायरमधली हवा १६ ते २० पीएसआयवर आणावी आणि मोकळ्या गाडीने जावे. कॅम्पर घेण्यामागचे खरे शहाणपण मला यातच दिसते. छपरावर तंबू लावलेल्या माणसाला सकाळी दूध आणायला जायचे तरी घर आवरावे लागते. कॅम्परवाल्याचे घर जागेवर राहते आणि गाडी पुन्हा हलकी, मूळ स्वभावाची ऑफ-रोड गाडी होते. म्हणून निवड करताना गाडी नुसती किती ओढते एवढेच पाहू नये. सुटी झाल्यावर ती अवघड वाटेवर कशी चालते, हेही तितकेच पाहावे. व्हिक्टोरियाच्या डोंगरात ब्लू रॅग रेंजच्या धारेवर जायचे असेल तर कॅम्पर खाली ठेवूनच जावे. तिथल्या बऱ्याच वाटा साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद असतात, त्यामुळे तारखा आधी पाहाव्यात.

ऊडनाडाटा ट्रॅकवर मात्र कॅम्पर बरोबरच न्यावा लागतो, आणि तिथे गाडीची आणि कॅम्परची एकत्र कसोटी लागते. मारीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता, बऱ्याच अंतरापर्यंत जुन्या घान रेल्वेच्या मार्गाला धरून जाणारा. कोरड्या हवेत तो अवघड नसतो. त्रास देतात त्या आडव्या लाटा: वाहनांच्या चाकांनी रस्त्याचा पन्हाळी पत्रा झालेला असतो आणि तासन्‌तास सगळे खडखडत राहते. यात गाडीपेक्षा कॅम्परचे नट, बिजागऱ्या आणि कपाटांच्या कड्या आधी ढिल्या होतात. उपाय टायरमध्ये आहे. डांबरावर चाळीसच्या आसपास असलेली हवा २८ पीएसआयवर आणली, कॅम्परच्या टायरचीही तशीच कमी केली आणि वेग ताशी सत्तर-ऐंशीवर ठेवला की तोच रस्ता निम्मा सुसह्य होतो. काउअर्ड स्प्रिंग्जच्या तळावर संध्याकाळी पोहोचून आम्ही कॅम्परखाली वाकून प्रत्येक नट पान्याने तपासला. चाकांचे नट घट्ट होते, शॉक ॲब्सॉर्बर हाताला चटका बसेल इतके तापलेले होते, आणि मडगार्डचा एक स्क्रू सुटून धुळीने भरलेल्या खाचेत अडकून राहिला होता. गाडीखाली असे काहीही सापडले नाही. पाऊस झाला की हा रस्ता बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला मोठा दंड होतो, हे लक्षात ठेवून परतीच्या तारखेत सवड ठेवावी.

डिझेलचा हिशेबही याच रस्त्यावर नीट समजला. कागदावर एमयू-एक्सचा खप शंभर किलोमीटरला ८.३ लिटर आहे. कॅम्परसह तो १३ ते १५ लिटरांवर जातो आणि समोरून वारा असेल तर त्याहूनही वर. ८० लिटरच्या टाकीत साडेपाचशे किलोमीटर मिळतात असे धरावे, पण भरवसा साडेचारशेंवरच ठेवावा. मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला या थांब्यांत दोन-दोनशे किलोमीटरचे अंतर असल्याने तिथे काळजी नसते. याहून निर्जन वाटांवर जायचे असेल तर जास्तीचे डिझेल न्यावे लागते, आणि त्याचे वजन पुन्हा त्याच हिशेबात येते. जुन्या, म्हणजे १५० क्रमांकाच्या प्राडोला बहुतेक प्रकारांत १५० लिटरची टाकी होती. लांबच्या प्रवासाला निघणारे लोक ती गाडी अजूनही का शोधत असतात, ते यावरून कळावे.

जोडणीविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. टोबॉल, म्हणजे टोबारवरचा साधा ५० मिलिमीटरचा गोळा, डांबरासाठी ठीक असतो. खड्ड्यांच्या वाटेवर गाडी एका बाजूला आणि कॅम्पर दुसऱ्या बाजूला कलतो तेव्हा त्याला पुरेशी हालचाल करता येत नाही. सर्व दिशांना फिरणारी ऑफ-रोड जोडणी कॅम्परवर असेल याची खात्री करावी आणि नसेल तर बदलून घ्यावी. दुसरी गोष्ट प्राणाशी गाठ घालणारी आहे. रुतलेली गाडी खेचून काढताना पट्टा टोबॉलला कधीही अडकवू नये. ताणाखाली तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि अशा अपघातांत इथे माणसे दगावली आहेत. त्यासाठी पट्टा अडकवायचे प्रमाणित रिकव्हरी पॉइंट बसवून घ्यावेत.

आता फॉर्च्युनरचा प्रश्न. तिचे २.८ लिटर इंजिन ५०० न्यूटन-मीटर देते आणि ऑस्ट्रेलियात तिची ओढण्याची मर्यादा ३,१०० किलो आहे. दोन टनांच्या कॅम्परला ती सहज पुरते. आम्हाला अडली ती डिकी. तिसऱ्या रांगेची आसने बाजूला वर दुमडून लटकतात आणि दोन्हीकडची रुंदी खातात. फ्रिज, सरकती फळी आणि मुलांच्या बॅगा शेजारी शेजारी बसवायच्या असतील तर ही जागा फार मोलाची असते. एमयू-एक्समध्ये तीच आसने जमिनीत सपाट बसतात. शहरात सातजणांना नेणाऱ्या आणि वर्षातून एखाद्या वेळीच कॅम्पर जोडणाऱ्या कुटुंबाने फॉर्च्युनर घेतली तर त्यात गैर काहीच नाही. लँडक्रूझर ३०० या सगळ्यांच्या वरची गाडी आहे, यात वाद नाही, पण तिची किंमत सुमारे एक लाख डॉलरपासून सुरू होते आणि एमयू-एक्स साधारण तिच्या दोन-तृतीयांशात मिळते. उरलेल्या पैशांत चांगला कॅम्पर येतो. कॅम्पर अडीच टनांच्या वर जाणार असेल आणि कुटुंब मोठे असेल, तर मात्र लँडक्रूझरचे पैसे साठेपर्यंत थांबावे किंवा तीन टनांची मर्यादा लक्षात ठेवून चांगल्या अवस्थेतली जुनी प्राडो शोधावी. दोघांनाच जायचे असेल आणि मागच्या आसनांची गरज नसेल, तर इसुझूचीच डी-मॅक्स पाहावी: इंजिन तेच, जीव्हीएम ३,१०० किलो आणि सामान टाकायला उघडा हौदा.

एमयू-एक्स घ्यायचे ठरले तर प्रकार निवडताना महागड्या एलएस-टीकडे धावू नये. तिला २० इंचांची चाके आणि बुटके टायर मिळतात. शहरात ते रुबाबदार दिसतात, पण दगडांवर त्यांच्या कडा लवकर फाटतात आणि वाळूसाठी हवा कमी केल्यावर पसरायला त्यांच्याकडे रबरच कमी असते. मधल्या एलएस-यूची १८ इंचांची चाके या कामासाठी योग्य आहेत, आणि आडगावी त्या मापाचे टायर मिळण्याची शक्यताही अधिक असते. लहान इंजिनाचा प्रकार ओढण्यासाठी घेऊ नये. हमी ६ वर्षे किंवा १,५०,००० किलोमीटरची आहे आणि सर्व्हिसिंग वर्षातून एकदा किंवा १५,००० किलोमीटरला. सतत ओढत असाल तर तेल त्याआधीच बदलावे. टोबार, वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर गाडीबरोबरच लेखी घेऊन किमतीत बसवून मागावेत. मागे कॅम्परची बॅटरी भारित करणारा अँडरसन प्लगही त्याच वेळी टाकून घ्यावा. आणि सही करण्याआधी विक्रेत्याकडून जीव्हीएम, जीसीएम आणि निवडलेल्या प्रकाराचे रिकामे वजन हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. टोबॉलवर चालणारा कमाल भार किती, तेही त्याच कागदावर असावे.